भरला कप

लोणावळ्याच्या बाजारात शेंगांची पाटी ठेवायला मुक्ताला जागा मिळाली ती नेमकी अब्दुलभाईंच्या चहाच्या दुकानापाशी, आणि दुकानाच्या बाकावर बसला होता तोच मेला. अंगात खाकी सदरा, हातात बशी, कपाळाला आठ्या. चहात आलं कमी, पाणी जास्त आणि पत्ती दुसऱ्यांदा उकळलेली, असं अब्दुलभाईंना ऐकवत होता. मुक्ताने पदर पुढे ओढला, पाठ फिरवली आणि पावट्याच्या शेंगा उगाचच वरखाली केल्या. अख्खा बाजार पडलाय, आणि देवाने हाच नमुना नेमका शेजारी आणून बसवावा?

हा कोण, ते सांगायला हवं. कुरवंड्याचा सोपान. चार वर्षं मिलटरीत लॉरी हाकून, मिसर नि इटली बघून, लढाई संपल्यावर घरी आलेला. दहा दिवसांपूर्वी आपल्या महिपतीकाकांना घेऊन मुक्ताच्या गावी, औंढ्याला, तिला बघायला आला होता. आणि बघणं तरी कसलं... तिने मान खाली घालून कप पुढे केला, त्याने एक घोट घेतला, आणि कप होता तसा भरलेला खाली ठेवून दिला.

झालं. त्यांच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की बघायला आलेल्याने कप रिकामा केला तर पोर पसंत, आणि भरला ठेवला तर नकार. तोंडाने नको म्हणायची पाळी कुणावर येऊ नये म्हणून जुन्या माणसांनी काढलेली रीत. महिपतीकाका मुकाट्याने उठले, टोपी घातली आणि चालू लागले.

चार दिवसांत गावभर झालं. कप तसाच राहिलेली पोर तशीच राहते, असं बायका पाणवठ्यावर बोलल्या, तेही मुक्ताला ऐकू जाईल अशा बेताने. तिचे वडील अंबाजीआबा इतके धास्तावले की वडगावच्या एका बिजवराला त्यांनी होकार कळवून टाकला. दोन लेकरांचा बाप, येत्या रविवारी सुपारी फोडायला येणार होता. मुक्ता रडली, भांडली, एक दिवस उपाशी राहिली, पण आबा हलले नाहीत. आणि हे सगळं ज्याच्या पायी झालं, तो इथे आलं कमी म्हणून कुरकुरत होता.

"शेंगा कशा दिल्या?" मागून आवाज आला.

"तुमाला न्हाई द्यायच्या."

"का बरं?"

"एक तोंडात घालाल, आन् बाकीच्या खाली ठिवून जाल."

ती वळली तेव्हा कुठे त्याने तिला ओळखलं. हातातली बशी कलली आणि उरलासुरला चहा खाकी सदऱ्यावर सांडला. मुक्ताला तेवढंच बरं वाटलं.

तो पाटीपुढे उकिडवा बसला आणि भराभरा बोलत सुटला. गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, पोरगी बघायला कधी गेलाच नव्हता, कपाची रीत त्याला कोण सांगणार? काकांनी सांगितली ती परतताना, अर्ध्या वाटेत. माघारी चला म्हणून त्याने पाय धरले, तर काका म्हणाले, थुंकलेलं गिळायची आपल्या घराण्यात चाल नाही.

"मी चहा ठिवला," तो म्हणाला. "तुमाला कुटं नको म्हनलो?"

कपाळावर हात मारून घ्यावा की त्याच्या डोक्यात पाटी घालावी, तेच मुक्ताला कळेना.

"आन् चहाला तरी काय झालं व्हतं?" तिने विचारलं, जरी तिला चांगलंच माहीत होतं.

"फाटला व्हता."

फाटलाच होता. साखर कंट्रोलमध्ये, मोजून मिळायची, म्हणून घरात चहा गुळाचाच, आणि तो कोराच प्यायचा असतो. पण आबांची बहीण धोंडाआत्या ऐकेल तर ना! मिलटरीतला माणूस कोरा चहा पितो होय, म्हणत तिने म्हशीचं दूध भडाभडा ओतलं. मुक्ता नको नको म्हणत होती. काकांनी तो चोथा मिशांतून गाळून प्यायला, आबांनी डोळे मिटून प्यायला. हा एकटाच शहाणा निघाला.

मग त्याने आपलं रडगाणं लावलं. जहाजात चहा मिळायचा तो कांदे उकडलेल्या पिंपात केलेला. मिसरात बोटभर पेल्यात पुदिन्याचा पाक. इटलीत एका म्हातारीकडे खुणा करकरून चहा मागितला, तर तिने फुलं उकळून आणली आणि पोट कुठं दुखतंय म्हणून विचारत बसली. चार वर्षं गावोगाव, तंबूतंबूतून तो एक धड कप शोधत हिंडला होता. घरी गेलो की आलं घातलेला कोरा गुळाचा चहा पिईन, एवढ्या आशेवर दिवस काढले होते.

"म्हंजी चार वर्सं चहाच शोधत व्हता," मुक्ता म्हणाली. "आमच्या घरी तरी मान वर करून बगितलं का?"

"बगितलं की." तो पाटीतल्या शेंगांशी बोलावं तसा पुटपुटला. "तुमच्या डाव्या भुवईला पीठ लागलं व्हतं... त्येच बघत व्हतो. कप कवा ठिवला, त्ये कळलंच न्हाई."

मुक्ताचा हात आपसूक भुवईकडे गेला आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने रविवारचं सगळं सांगून टाकलं. तो उठून उभा राहिला, शनिवारी येतो म्हणाला. ती म्हणाली, नकार देऊन गेलेला माणूस बोलावल्याशिवाय येत नसतो, आणि आबा मेले तरी बोलावणार नाहीत.

"मग बिनबोलवता येतो," तो म्हणाला.

परतताना तिला सगळ्यांचा संताप आला. रीत काढणाऱ्यांचा, आत्याचा, आबांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण वाटेत ती तीनदा एकटीच हसली होती.

शनिवारी दुपारी तो खरोखर आला. एकटाच, काकांशिवाय. आबा पडवीत दोर वळत बसले होते. त्याने अंगणाच्या कडेला उभं राहून रामराम केला. आबांनी मान वर केली नाही, बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या द्यायचा, मग ख्यालीखुशाली. पाणीच दिलं नाही, तर समजायचं आणि निघायचं; दिलं, की माणूस घरात घेतला.

तो निघाला नाही. चुकलं म्हणाला, रीत माहीत नव्हती म्हणाला, मुक्ता पसंत आहे म्हणाला. आबा दोराशीच बोलल्यासारखे म्हणाले, की उद्या वडगावकर येतायत, शब्द दिलाय. त्यावर तो म्हणाला, मग तुम्ही जा म्हणेपर्यंत इथंच उभा राहतो. आणि उभा राहिला. ऊन डोक्यावरून खांद्यावर आलं, शेजारणी कुडावरून डोकावून गेल्या, आबांचा दोर वाजवीपेक्षा हातभर जास्त वळून झाला.

मुक्ता दाराआडून सगळं बघत होती. हा मूर्ख माणूस घेरी येऊन पडेल, नाहीतर कंटाळून जाईल. आणि गेला तर... त्या "तर"पाशी तिला सगळं स्वच्छ कळलं. हा गेला, तर आपल्याला आयुष्यभर राग धरायला कुणी उरणार नाही. तिला हाच हवा होता.

तिने तांब्या घासला, भरला आणि सगळ्या शेजारणींच्या देखत आबांच्या पुढून अंगणात गेली. त्याने दोन्ही हातांनी तांब्या घेतला. एका दमात त्याने तो तळापर्यंत संपवला.

आबांच्या हातातला दोर गळून पडला.

"मुक्ते," ते म्हणाले, "उंद्या वडगावकरास्नी मी काय सांगू?"

मुक्ताने मान खाली घातली नाही.

"सांगा, पोरीनं आपल्या हातानं पानी दिलं."