दाभणाएवढी फट

अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्याकडे जुन्या फियाटचं उजवं मडगार्ड एकच होतं, आणि ते दोघांनी एकाच वेळी धरलं. एक टोक दीपमालाच्या हातात, दुसरं एका उंच, सावळ्या, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेल्या माणसाच्या हातात. सोडायला कुणीच तयार नाही.

“आधी माझा हात पडला,” दीपमाला म्हणाली.

“पडला असंल. पण मी कालच येऊन बघून गेलोय.”

“बघून गेलं म्हणजे आपलं होतं का?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ पाहिलं. “नाय होत,” तो म्हणाला. “तसं असतं तर लय गोष्टी आपल्या झाल्या असत्या.”

दीपमालानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पर्समधून फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक काढला आणि मडगार्डला लावला. गणपती घसरला तो थेट त्या माणसाच्या चपलेवर.

“घ्या तुम्हीच,” ती टोक सोडत म्हणाली. “खाली पत्राच उरला नाहीये. रंगाखाली नुसती पुट्टी भरलीय, चुंबक धरतच नाही.”

त्यानं गणपती उचलला, शर्टाला पुसला, कपाळाला लावला आणि तिच्या हातात दिला. “कुणी शिकवलं हे?”

“आमच्या आप्पांनी.”

“मग मडगार्ड ऱ्हाऊ द्या इथंच. मी नव्या पत्र्याचं ठोकून देतो. गाडी वडाळा नाक्यावर खंडेरावांच्या गॅरेजला आणा. ललित विचारा.” आणि दोन पावलं जाऊन तो वळला. “गाडीबरोबर तुम्ही पण या. गाडी एकटी घाबरते.”

घरी पोचेपर्यंत दीपमाला त्या शेवटच्या वाक्यावर मनातल्या मनात रागावत होती. आता हा राग कसला होता ते ज्याचं त्याला कळतं.

गाडी तिच्या आप्पांची, चिमाजींची. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू, शेवंती, गुलाब करायचे आणि उजाडायच्या आत त्या पिस्ता रंगाच्या फियाटमधून नदीकाठच्या फुलबाजारात न्यायचे. लोक टेम्पो करायचे, हे मागची सीट काढून तिथं ओल्या फुलांच्या पाट्या रचायचे. दीपमालाची आई वारली तेव्हा दीपमाला इतकी लहान होती की तिला घरी ठेवायचं कुणाजवळ हा प्रश्न होता, म्हणून तीही पुढच्या सीटवर. त्या पाट्यांच्या ओलीनंच गाडीची तळाची पट्टी आणि फ्लोअर खाऊन टाकला, आणि गाडी गोठ्यात जाऊन बसली.

चिमाजींचे डोळे साखरेनं खाल्ले. एक गेलाच होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, “आजोबा, दिसतंय तोवर बघून घ्या काय बघायचं ते.” काशी नको, रामेश्वर नको, म्हाताऱ्याला हवं होतं एवढंच: दसऱ्याला गाडी दारात उभी राहावी, नवी असताना होती तशीच, पिस्ता, तिला झेंडूचा हार घालावा आणि डोळे भरून बघावी. दीपमालानं शब्द दिला. इंदिरानगरच्या औषधाच्या दुकानात ती कामाला होती, सुट्टी रविवारची. रविवारी गॅरेजवर जायचं ठरलं. आठवडाभर ललितला अपघाताच्या गाड्या असायच्या, ही फियाट त्यानं आपल्या रविवारावर घेतली.

तो पेठ तालुक्याकडचा. बोलणं मोजकं, पण जे बोलायचा ते घरी जाऊनही कानात राहायचं.

गंजलेली पट्टी कापण्याआधी त्यानं दाराच्या चौकटीत एक लोखंडी दांडा आडवा वेल्ड केला.

“हा कशाला?” तिनं विचारलं.

“पट्टी काढली की गाडीत जोर ऱ्हात नाय. दोन्ही कडा एकमेकीकडं झुकतात. मग दार कधीच नीट लागत नाय.” त्यानं काच डोळ्यांवर ओढली. “झुकू नये म्हणून मधी कायतरी पाहिजे.”

“आणि झुकल्याच तर?”

“गाडीचं म्हणताय… का?”

दीपमाला चहा सांगायला बाहेर गेली. चहा खरं तर कुणालाच नको होता.

फ्लोअर कापून निघाला तेव्हा खालच्या पोकळीतून मूठभर काहीतरी भुरभुर सांडलं. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, तपकिरी झालेल्या, वर्षानुवर्षांच्या. ललितनं मशीन बंद केलं, त्या ओंजळीत घेतल्या आणि तिच्या ओंजळीत ओतल्या. त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली आणि तिथंच जरा रेंगाळली. “आप्पांनी गाडीत बाग लावली होती,” तो म्हणाला. तिला आई आठवली, आप्पा आठवले, पुढची सीट आठवली, आणि त्या सगळ्यात हा माणूस कधी येऊन बसला ते तिला कळलंच नाही. प्रेम म्हणायचं तर तिथंच झालं. पुढचे रविवार नुसते वाढत गेले. तिच्यासाठी स्टुलावर धुतलेला टॉवेल असायचा, आणि तिच्यासमोर त्यानं शिव्या देणं सोडलं होतं, हे खंडेरावांनीच तिला हसत सांगितलं.

नवी पट्टी बसली, नवा पत्रा बसला, मडगार्ड बोल्टांवर चढलं, दार बिजागऱ्यांवर लागलं. गॅरेजातली कामाची रीतच अशी की दार आणि मडगार्डामधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आली की मगच गाडी रंगाऱ्याकडे द्यायची. रंगारी दुसरा, त्याची जागा दुसरी. चिमाजींनी फट तपासायला गोणी शिवायचं दाभण दिलं होतं. “हे वरून सोड. कुठं अडकता कामा नये, कुठं लोंबता कामा नये. बसली तर बसली म्हणावं, नायतर परत काढ म्हणावं. आम्ही नवी घेतली तवा असंच बघितलं होतं.”

दीपमालानं दाभण वर लावलं आणि खाली आणलं. कुठंही न अडकता ते लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

तिच्या मनात आलं, झालं की. आता गाडी रंगाऱ्याकडे. आता रविवारी इकडे यायला निमित्त काय?

“इथं अडकतंय,” ती म्हणाली.

ललितनं तिच्या हातातल्या दाभणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एरवी तीन-तीनदा बोट फिरवून बघणारा हा माणूस, पण त्यानं फटीकडे पाहिलंसुद्धा नाही. “अडकतंय ना…” तो हळूच म्हणाला आणि पाना उचलला. “काढतो परत.”

बोल्ट काढताना तो हसू दाबत होता. तिनं ते पाहिलं आणि त्या दिवशी मखमलाबादपर्यंत तिची स्कूटर रस्त्यावरून चालली की वरून, तिला शुद्ध नव्हती.

पुढच्या रविवारी खाली अडकलं. त्याच्या पुढच्या रविवारी मधे लोंबलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशी दोघांची गत. खंडेराव ओरडले, “अरे, पत्रा आहे का पापड? किती वेळा काढघाल करशील?” ललित म्हणाला, “गिऱ्हाईक लय चोखंदळ हाय, शेठ.” आणि गिऱ्हाईक ओढणीत तोंड लपवून हसलं.

संध्याकाळी घरी आप्पा ओट्यावर वाट बघत असायचे. “झाली का गं?”

“फट बसेना, आप्पा.”

“मग घाई करू नको म्हणावं. दसरा लांब हाय अजून.”

ते ऐकून तिला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण आणखी एक रविवार, एवढंच तर ती मागत होती, आणि दसरा खरंच लांब होता.

नवरात्रात एका सकाळी दोघं मळ्यात झेंडू तोडत होते. लख्ख ऊन पडलं होतं. चिमाजींचा हात फुलाच्या बाजूनं हवेत फिरला आणि थांबला.

“दीपा, धुकं पडलंय का गं?”

तिच्या हातातली पाटी तिथंच राहिली. डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यात रक्त उतरलंय म्हणाले, आणि मग तिला बाहेर बोलावून मान हलवली.

तिनं ललितला फोन केला. “रंगाऱ्याकडे द्या,” एवढंच म्हणाली. त्यानं विचारलं, “फट?” तिनं फोन ठेवला.

दसऱ्याला गाडी आली. ललितनंच चालवत आणली, धुतलेला शर्ट घालून, स्टिअरिंगजवळ आपट्याची पानं ठेवून. पिस्ता रंग उन्हात असा उठला होता की शेजारच्या वत्सलाबाई हातातलं काम टाकून कुंपणाशी आल्या. चिमाजींना दीपमालानं हात धरून गाडीपाशी नेलं. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग बोटानं दाराची कड शोधली, नख फटीत घातलं आणि वरपासून खालपर्यंत सावकाश ओढत नेलं. पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं.

“वा,” ते म्हणाले. “कंपनीनं दिली त्याहून सरस. कसब हाय बाबा तुझ्या हातात.” मग म्हणाले, “पहिल्यांदाच अशी बसली असती तर बघायला मिळाली असती. असू दे. पत्र्याचं काम, मनासारखं व्हायला वेळ लागतोच.”

म्हाताऱ्यानं चाचपडत हार घातला, तो आरशाला अडकला, दीपमालानं सोडवून सरळ केला.

ललित निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली. तो आपट्याचं पान हातात फिरवत उभा राहिला.

“दीपमाला… ती पहिल्याच वेळी बसली होती.”

“माहीत आहे मला.”

“मला पण माहीत होतं, तुला माहीत हाय ते.” “मला वाटलं… तू मनातलं सांगशील कधीतरी. म्हणून काढत ऱ्हायलो. माझं लय प्रेम हाय तुझ्यावर.”

याच वाक्यासाठी तिनं तेवढे रविवार चोरले होते. आता ते समोर आलं तर तिला ते घेववेना.

“माझंही आहे,” ती म्हणाली. “पण तुम्ही समोर आलात की मला तुमचं तोंड दिसत नाही, ललित. आप्पांचा तो हवेत फिरणारा हात दिसतो. जन्मभर तेच बघत संसार करायचा का मी?”

तो आपट्याचं पान फाटकाच्या खांबावर ठेवून डांबरी रस्त्याकडे चालायला लागला. तिनं हाक मारली नाही. मारावीशी वाटली, फार वाटली, तरी नाही मारली.

ती परत आली तेव्हा चिमाजी गाडीत, पुढच्या सीटवर, तिच्या लहानपणच्या जागी बसले होते. दार ओढून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. त्या आवाजाचंच त्यांना कौतुक.

“गेला का पोरगा?”

“गेला.”

“जेवायला थांबवायचा होतास. दसऱ्याचं कुणी उपाशी जातं का?” मग तिच्या दिशेनं, जरा चुकलेल्या दिशेनं, तोंड करून त्यांनी हळूच विचारलं, “एवढे रविवार जात होतीस त्याच्याकडं… मला काय कळत नाय व्हय? मी तर त्याला बघितलाच नाय. तू सांग. दिसायला कसा हाय गं?”

दीपमालानं फाटकाकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

“लक्ष नाही दिलं, आप्पा,” ती म्हणाली, आणि स्टिअरिंगमागे बसून तिनं आपल्या बाजूचं दार लावून घेतलं. ते पहिल्याच झटक्यात नीट लागलं.