कोकम सरबत आणि मक्याची स्ट्रॉ

"तुम्ही मघापासून माझ्याकडे बघताय."

सरबताच्या ग्लासावरून मान वर करून त्याने सरळ विचारलंच. मी अशी दचकले की हातातला रुमाल खाली पडला.

"तुमच्याकडे नाही हो... तुमच्या स्ट्रॉकडे."

"अच्छा!" त्याने स्ट्रॉकडे जरा हेव्याने पाहिलं. "नशीबवान आहे बिचारी."

आणि नेमकं तेव्हाच — कट्! स्ट्रॉ उभी चिरली. कोकमाचा लालभडक ओघळ त्याच्या हनुवटीवरून थेट पांढऱ्या शर्टावर.

"सॉरी, सॉरी! ती मी केलीय."

"शर्ट?"

"स्ट्रॉ!"

तो हसत सुटला. दादरला मालनमावशीचं सरबताचं दुकान आहे, तिथे मी त्या दिवशी आमच्या नव्या स्ट्रॉ लोकांच्या हातात टिकतात का, हे चोरून बघायला बसले होते. चोरी अशी पकडली गेली. मग सांगावंच लागलं सगळं.

लालबागला आमचा गाळा. आमच्या घराण्यात सगळे ऑफिसात नोकरी करणारे, एकटे बाबाच कारखान्यात रमले. वर्षानुवर्षं त्यांनी प्लास्टिकच्या स्ट्रॉ केल्या. बंदी आली आणि मशीन थांबलं. तरी बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून त्या बंद मशीनशेजारी जाऊन बसायचे. ते मला बघवेना. मी नोकरी सोडली आणि मक्यापासून बनणारं जैवविघटनशील प्लास्टिक आणलं. मशीन तेच, पण या नव्या प्लास्टिकच्या दाण्याचा स्वभाव अगदी वेगळा. जरा जास्त तापला की बिघडतो. आणि स्ट्रॉ फुटायचं कारण तर मला कळतच नव्हतं.

"म्हणजे ही विरघळते?" त्याने चिरलेला तुकडा बोटात फिरवला.

"अशीच कुठे टाकली तर नाही. खताच्या प्रकल्पात नीट ऊब मिळाली, वेळ मिळाला, की होते माती."

"ऊब आणि वेळ..." तो मिस्किलपणे म्हणाला, "एवढंच मागते? साधी आहे की."

माझे कान गरम झाले. उगाच.

त्याचं नाव गंधार. परळच्या एका हॉस्पिटलात तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट होता. ज्यांचे हात थरथरतात त्यांना स्वतःचं स्वतः खायला-प्यायला शिकवायचा. शरदचंद्रकाका हे त्याचे सगळ्यात हट्टी पेशंट. माझगावच्या गोदीत नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि आता हातात पाण्याचा ग्लासही ठरेना. कागदी स्ट्रॉचा त्यांचं पिऊन होण्याआधीच लगदा व्हायचा. दुसऱ्याच्या हातून प्यायचं तर ते तोंड फिरवून बसायचे, आणि त्यांच्या मिसेस ग्लास धरून तशाच ताटकळत.

"मला अशी स्ट्रॉ हवीय," गंधार म्हणाला, "जी माणसाला घाई करत नाही."

त्याचं ते वाक्य घरी येईपर्यंत माझ्याबरोबर होतं.

मग दर शनिवारी तो गाळ्यावर यायला लागला. पावसाने भिजलेली छत्री दाराशी टेकवायचा, बाबांना वाकून नमस्कार करायचा, आणि मला निकाल सांगायचा.

"चहात घातली. मान टाकली तिने."

"गरम चहात नाही चालत, सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"सांगितलं होतंत. पण तुम्ही बोलत असताना माझं लक्ष कुठे असतं..." पुढचं तो गिळून टाकायचा. मी उगाच मशीनवरचा आकडा बघत राहायची.

पण स्ट्रॉ फुटतच होत्या. एका शनिवारी बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मनवा, मशीनला गिऱ्हाईक आलंय. पुढच्या आठवड्यात घेऊन जातील. पुष्कळ केलंस बाळा तू."

मला रडू आवरेना. गंधार तिथेच उभा होता. त्याने 'होईल सगळं ठीक' वगैरे काही म्हटलं नाही. स्टूल ओढून समोर बसला आणि म्हणाला, "एक सांगू? लीलाकाकू, म्हणजे शरदचंद्रकाकांच्या मिसेस, काल म्हणाल्या की सगळ्याच स्ट्रॉ फुटत नाहीत. तुम्ही पिशव्यांवर वेळ लिहिता ना, त्यातल्या सकाळच्या पिशवीतल्या चांगल्या असतात. संध्याकाळच्याच दगा देतात. असं का?"

"दाणा तोच, मशीन तेच..." मी डोळे पुसत वळले, आणि कोपऱ्यातल्या उघड्या पोत्याकडे बघतच राहिले. बाहेर ऑगस्टचा पाऊस. भिंतींना ओल. सकाळी वाळवलेले दाणे दिवसभर तसेच उघडे.

"सादळतात!" मी ओरडले. "गंधार, दाणे सादळतात! ओल धरलेला दाणा मशीनमध्ये तापला की आतून कमजोर होतो!"

मी त्याला अहो-जाहो न करता नावाने हाक मारली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या मात्र लगेच आलं होतं.

मग आम्ही दाणे घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवले. लागतील तेवढेच काढायचे, गरम हवेत वाळवायचे, लगेच मशीनमध्ये. बाबाही आमच्याबरोबर उभे राहिले. संध्याकाळी निघालेली स्ट्रॉ त्यांनी बोटांनी दाबली, सोडली, परत दाबली. फुटली नाही!

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी मी बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेले. शरदचंद्रकाकांसमोर सरबताचा ग्लास होता. त्यांनी थरथरते हात मांडीवर ठेवले, मान वाकवली आणि ओढलं. थांबले. पुन्हा ओढलं. खूप वेळ लागला. कुणी 'लवकर' म्हणालं नाही. शेवटी तळाशी सुर्र आवाज झाला तेव्हा काका लहान मुलासारखे हसले.

मग बाबांकडे वळून म्हणाले, "तुमचे आभार मानायचेत. हिच्याकडे बघा."

लीलाकाकू समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होत्या. स्वतःचा चहा. गरम असताना. कितीतरी महिन्यांनी त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

बाबांनी चष्मा काढून पुसला. बाहेर जाऊन त्यांनी फोन लावला. "नाही साहेब, माफ करा. मशीन द्यायचं नाहीये. चालू आहे ते."

संध्याकाळी बाबा बसने पुढे गेले, मुद्दामच गेले असावेत. मी आणि गंधार हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे राहिलो. पाऊस थांबला होता, झाडं मात्र अजून ठिबकत होती.

"मला तुमचे आभार मानायचेत," मी सुरू केलं. "बाबांसाठी. मशीनसाठी. त्या दिवशी खोटा धीर न देता बसून राहिलात, त्यासाठी. आणि..."

"तू मला नावाने हाक मारलीस ना त्या दिवशी?" तो हळूच म्हणाला. "मग आता परत 'तुम्ही' कशाला?"

मी खाली बघितलं.

"मनवा, आभार तर मी मानायचे. मी रोज पेशंटना सांगतो — पुन्हा करून बघा, जमेल. सांगून सांगून माझाच त्यावरचा विश्वास उडायला लागला होता. तू माझ्यासमोर पुन्हापुन्हा करून बघितलंस." तो थांबला. "तुझं ते 'आणि' राहिलं मघाचं. आणि काय?"

"ते... आभार नव्हते."

"मग?"

एक थेंब पानावरून माझ्या गालावर पडला. तो पुसायला त्याचा हात पुढे आला, आणि मधेच थबकला. विचारत असल्यासारखा.

मी तो हात धरला.

"तू आवडतोस मला, गंधार," मी म्हणाले. "खूप."

त्याने माझी बोटं घट्ट धरली. सोडली नाहीत. आणि मग परळ ते लालबाग आम्ही चालतच गेलो, एकही बस न पकडता.