आलेच हं, बाबा!

मिरजेच्या त्या घरात भालचंद्रबाबा खालच्या खोलीत राहत आणि त्यांची लेक वृंदा वर गच्चीलगतच्या खोलीत. जिना आणि बाबांचे गुडघे यांचं काही जमत नव्हतं. म्हणून वृंदाने दोघांचे कॉम्प्युटर घरच्या वायफायवर जोडून दिले होते. बाबांची नाट्यगीतं, खोकला, हाका असं सगळं वर ऐकू येई आणि तिचं बोलणं खाली.

भिंती जाड, त्यामुळे आवाज तुटायचा. कॉम्प्युटरमधल्या नव्या प्रणालीने त्यावर तोड काढली होती. आवाजाचा एखादा तुकडा वाटेत हरवला, की त्या माणसाच्या बोलण्याच्या सवयीवरून ती नवा तुकडा घडवी आणि बेमालूम सांधून टाकी.

"रफूच म्हण की!" बाबा कौतुकाने म्हणाले होते. ती केवढं मोठं भोक बुजवू शकते, हे विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. नव्याची नवलाई, दुसरं काय!

त्या दिवशी वृंदाला अनुवादाचं काम संपवायची घाई होती. दुपारी मान वर न करताच तिने विचारलं, "बाबा, जेवलात ना?"

"जेवलो गं. तुझं चालू दे."

तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती चहाला उठली, तर जिन्यातल्या वायफायच्या डब्याची वायर लोंबत होती. सकाळी इस्त्री लावताना तिनेच ती काढली होती आणि परत लावायची विसरली होती. म्हणजे सकाळपासून एक अक्षरही खाली गेलं नव्हतं, की वर आलं नव्हतं. मग 'जेवलो' म्हणालं कोण?

ती धावत खाली गेली. बाबा पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते. पाय मुडपलेला, ओठ कोरडे, चष्मा कुठेतरी उडालेला. झाकलेलं ताट तसंच होतं.

"किती हाका मारल्या," ते पुटपुटले. "दर वेळी म्हणालीस, आलेच. आली नाहीस."

वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामात असली की ती हेच म्हणायची, आणि विसरून जायची. आवाज यंत्राने घडवला होता, सवय तिचीच होती.

अँब्युलन्सला पत्ता सांगून ती त्यांचा हात धरून बसली. बाबांची शुद्ध हरपत चालली होती.

"वृंदा, कुठे आहेस गं?"

ती बोलणार तोच टेबलावरून कॉम्प्युटर प्रसन्न आवाजात म्हणाला, "आलेच हं, बाबा!"

बाबांनी आपला हात सोडवून घेतला आणि टेबलाकडे तोंड फिरवलं.

"लवकर ये गं," ते घाबरून म्हणाले. "इथे माझ्याजवळ ही कोण येऊन बसलीय?"