फळ्यावरचं नाव

सहावी 'ब'च्या दाराशी अंबिका थबकली, ती काही आत कुणी देखणा उभा होता म्हणून नव्हे. तिच्या पुढच्या दोघी मुलींनी चौकटीवर तिरपी ठोकलेली छोटीशी डबी बोटांनी शिवली, बोटं ओठांना लावली आणि मगच त्या आत गेल्या. शाळा भायखळ्याच्या एका गल्लीतली, यहुद्यांनी मुलींसाठी काढलेली. आता वर्गात अष्टमकर होत्या तशा शेख आणि परबही होत्या. असेल इथली रीत, असं म्हणून अंबिकानेही डबीला हात लावला. बोटं मात्र लालबागच्या सवयीने कपाळाला नेली.

वर पाहते तर फळ्याजवळ खडू धरून एक तरुण तिच्याकडेच बघत होता. डोक्यावर छोटी गोल टोपी, बाहीवर खडूची धूळ, आणि डोळे... असो.

"गणिताच्या नव्या टीचर?"

"मी अंबिका. टीचर आजच्यापुरती. या तासाला प्रिन्सिपल मॅडम बघायला येणारेत. आवडलं तर नवी, नाहीतर... जुनी."

तो हसला. "मी एझ्रा नवगावकर. हिब्रू शिकवतो." त्याने अर्धी राहिलेली ओळ घाईघाईने पुरी केली आणि जाताना टेबलावर जोरात आपटला. मुली खुसखुसल्या.

दोन शाळांनी अंबिकाला एकाच कारणाने नाकारलं होतं. आवाज लहान, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. "आवाज मोठो काढ गो बाय," आईने सकाळी दहादा बजावलं होतं. तिचा सगळा भरवसा होता तो आपल्या फळ्यावर, मोत्यासारख्या अक्षरावर. तिने डस्टर उचललं.

"टीचर, नको! पुसू नका!" पहिल्या बाकावरची शेरॉन अष्टमकर ओरडत उठली. "सरांनी देवाचं नाव पूर्ण लिहिलंय. नेहमी ते दोनच अक्षरं लिहितात. पूर्ण लिहिलं की पुसत नाहीत. कधीच नाही!"

"प्रार्थनेचं पुस्तक फाटलं तरी टाकत नाहीत, टीचर. पुरतात," शेजारच्या रुखसाना शेखने माहिती पुरवली.

आणि ते नाव होतं फळ्याच्या बरोब्बर मध्यावर. अंबिकाचं डस्टर हवेतच थांबलं.

शेरॉन पळत गेली आणि एझ्राला घेऊन आली. फळा बघून त्याचा चेहरा खडूसारखा झाला. "हे... मी लिहिलं? सॉरी, टीचर. माझीच चूक. मी मॅडमना सांगतो, तुमचा तास सोमवारी—"

"सोमवारपर्यंत मला झोप नाही लागायची." अंबिकाने डस्टर खाली ठेवलं. "नाव राहू दे तिथेच. बाहेरची फरशी कुणाची आहे?"

"फरशी? कुणाचीच नाही."

"मग आज माझी."

तिने पदर खोचला, व्हरांड्याच्या काळ्या फरशीवर लांबलचक रेघ ओढली आणि उंबरठ्यासमोर शून्य काढलं. उजवीकडे धन, डावीकडे ऋण. "रुखसाना, शून्यावर उभी राहा. आता लंगडी घालत डावीकडे तीन." मुली तिला गराडा घालून उभ्या राहिल्या, इतक्या जवळ, की त्या लहान आवाजातलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. प्रिन्सिपल रिबेका मॅडम आल्या. बसायला मागचा बाकच नव्हता. मग त्याही घोळक्यात शिरल्या.

"मॅडम, तुम्ही उणे चारवर उभ्या आहात!" कुणीतरी ओरडलं.

"अस्सं? मग मला शून्यावर यायला किती उड्या?" मॅडमनी विचारलं, आणि साठीच्या त्या बाईंनी साडी सावरून खरंच चार पावलं टाकली. जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहून एझ्रा सगळं बघत होता. आपला पुढचा तास सुरू झाल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

शाळा सुटल्यावर अंबिका पर्स घ्यायला वर्गात आली. एझ्राने फळा भिंतीवरून उतरवला होता आणि पांढऱ्या चादरीत जपून गुंडाळत होता. "सिनेगॉगमध्ये नेतोय. काय करायचं ते तिथले मोठे लोक सांगतील."

तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. "मुली म्हणत होत्या, सर असं कधीच चुकत नाहीत."

"सहा वर्षांत एकदाही नाही."

"मग आज काय झालं?"

तो गाठ मारत राहिला... सुटलेली गाठ पुन्हा मारत राहिला. "आज दारात कुणीतरी चौकटीवरच्या मेझुझाला हात लावला, आणि बोटं कपाळाला नेली. इथे असं कुणी करत नाही." मग त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं. "त्यानंतर मी काय लिहिलं, मला खरंच माहीत नाही. तुम्ही मला फार आवडलात, अंबिका. एका दिवसात असं बोलू नये, पण फळाच साक्षीला आहे."

अंबिकाचे कान तापले. चादरीचं टोक काही तिने सोडलं नाही.

"मॅडमनी मला ठेवून घेतलंय," ती हळूच म्हणाली. "सोमवारपासून."

त्याचा चेहरा उजळला. मग त्याने भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. "मग एक विनंती आहे. सोमवारी माझा तास संपल्यावरच दारात या. नाहीतर नवा फळाही उतरवावा लागेल."

"नाही जमणार," अंबिका म्हणाली. "मी दहा मिनिटं आधीच येणार."

दोघांनी दोन बाजूंनी फळा उचलला. दारातून निघताना दोघांचेही हात गुंतलेले होते, म्हणून अंबिकाने चौकटीवरच्या डबीला नुसती मान लवून निरोप दिला.