तिसऱ्या कपापर्यंत

शनिवारी दुपारी फोल्कर्ट उबेन आपला नवा कुत्रा घेऊन गावातल्या श्वानसंघाच्या मैदानावर गेला. बायकोला, तालेयाला, त्याने गाडीतच बसवून ठेवलं. वारा समुद्राकडून येत होता. टपरीपाशी सॉसेज भाजणाऱ्या म्हाताऱ्यांनी पाठ फिरवली होती ती वाऱ्याकडे, पण फोल्कर्टला वाटलं आपल्याकडेच. तो तसाच होता.

जुनी शेतीयंत्रं घ्यायची, रंग फासून विकायची, हा त्याचा धंदा. दिवसभर बाहेर. घर गावापासून लांब, समुद्रबांधाच्या पायथ्याशी. "चोऱ्या किती वाढल्यात!" असं तो भेटेल त्याला सांगत होता. चोऱ्या काही वाढल्या नव्हत्या. झालं होतं एवढंच, की वसंतात तालेया कपाटावरची बॅग काढून लेअर शहरातल्या बहिणीकडे जायला निघाली होती आणि बसथांब्यापर्यंत पोहोचलीसुद्धा होती. त्याने तिला गाडीत घालून परत आणलं. हात उगारला नाही. मारलं की वळ उठतात, आणि गाव लहान.

मैदानावर एका माणसाला चोर करून आडोशामागे उभं केलं होतं. संघाचा एक कुत्रा एकेक आडोसा हुंगत गेला आणि चोर सापडताच त्याच्या समोर ठाण मांडून भुंकायला लागला. नुसता भुंकत राहिला, एका लयीत, वर चेहऱ्याकडे बघत. चोर खांबासारखा उभा.

"हलत नाही तोवर दात लावणार नाही," हिन्रिका मेंट्स म्हणाली. संघाची ही प्रशिक्षक साठीची, परवानाधारक. फोल्कर्टच्या बापालाही ती ओळखत होती. "हलला की धरेल. चावायला काय, कुठलंही कुत्रं शिकतं. न चावता धरून ठेवणं, त्याला वर्षं लागतात."

मग तिने एक शब्द उच्चारला, आणि कुत्रा गप्प झाला. तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला, मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत.

फोल्कर्ट बघतच राहिला. ओरखडा नाही, रक्त नाही, आणि माणूस जागच्या जागी खिळलेला. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं त्याचं.

"घरात कोण कोण असतं?" हिन्रिकाने विचारलं.

"मी आणि बायको."

"कुठाय ती?"

"गाडीत. तिला कुत्र्यांची आवड नाही."

हिन्रिका गाडीपाशी गेली आणि काचेवर बोट वाजवलं. तालेयाने काच खाली केली नाही. आधी नवऱ्याकडे पाहिलं. हिन्रिका तशीच परत आली.

"मी आधी सोडायचा शब्द शिकवते, धरायचं नंतर. आणि तो शब्द घरातल्या प्रत्येकाला यायला हवा. सुरुवात तुझी बायको करेल. तू बाकावर बसून सॉसेज खा."

"कुत्र्याला मालक एकच असतो, हिन्रिकाबाई."

"असतो. पण तो कोण, हे कुत्रा ठरवतो."

"मला चोर धरायला कुत्रा हवाय. बायकोला खेळायला नकोय."

"मग कुत्रा कशाला घेतोस?" हिन्रिका म्हणाली. "कुलूप घे की. बाहेरून लागणारं."

सॉसेजवाल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण हसला. फोल्कर्टच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तो कुत्रा घेऊन निघाला.

रोल्फ कुश्के बंद पडलेल्या वीटभट्टीमागे कुत्रे शिकवायचा. फाटकावर पाटी भली मोठी होती. परवान्याचं विचारलं तर म्हणाला, "का? कुत्र्याला वाचता येतं?" आणि स्वतःच खदखदून हसला. घरात कोण असतं, हे त्याने विचारलं नाही. फोल्कर्टला तो तिथेच आवडला.

कुश्के कुत्र्याच्या गळ्यात विजेचा पट्टा घालायचा. "शब्द कशाला हवेत? शब्द काय, कुणीही बोलेल. बटण मात्र तुझ्याच खिशात." कोट घातलेलं कुणी दाराकडे निघालं, की अडवायचं, कोपऱ्यात न्यायचं, धरून ठेवायचं. बटण दाबलं की सोडायचं. असं शिक्षण. भट्टीमागून येणारं केकाटणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येई. कुत्रा घरी आला तेव्हा त्याच्या मानेवरचे केस दोन जागी जळलेले होते. आर्को त्याचं नाव. त्या नावाने त्याला हाक मारायची गरज फोल्कर्टला कधी पडली नाही.

पहिल्याच रविवारी तालेया शेजाऱ्यांकडून अंडी आणायला निघाली. तिने खुंटीवरचा कोट चढवला आणि आर्को उठला. धावला नाही. तिच्या पुढ्यात आडवा होत, भुंकत, त्याने तिला मागे मागे सारलं, थेट चहाच्या कपाटाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातून टेबल दिसत नाही. फक्त ऐकू येतं.

"फोल्कर्ट, त्याला बोलाव."

फोल्कर्ट चहाला बसला होता. चहादाणी मेणबत्तीच्या स्टँडवर गरम होत होती. त्याने कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकला, वर कढत चहा ओतला. खडा तडकला. तो आवाज त्याला फार आवडायचा.

"सराव नको का त्याला?" तो म्हणाला. "तीन कप होऊ देत. आपल्याकडे पाहुण्यालासुद्धा तीन कपांच्या आत उठू देत नाहीत. तू तर घरची!"

"पाय थरथरतायत माझे."

"थरथरू देऊ नकोस. त्याला वाटेल हललीस."

दुसरा खडा तडकला, यथावकाश तिसराही. तिसरा कप संपल्यावर त्याने चमचा कपात ठेवला, पुरे म्हणून ठेवतात तसा, आणि त्या किणकिणाटाबरोबर बटण दाबलं. कुत्रा कळवळून बाजूला झाला. तालेयाने कोट काढून खुंटीला लावला. अंडी त्या दिवशी आलीच नाहीत.

पुढे पुढे तालेयाने कोटाला हात लावणंच सोडलं. मग हा स्वतः तिला म्हणायचा, "घाल ग जरा कोट, कुत्रा विसरेल." कुंपणच शेत खायला लागल्यावर शेताने जायचं कुठे? घराबाहेर फोल्कर्ट सगळ्यांना सांगायचा, की कुत्रा आल्यापासून बायको कशी निर्धास्त आहे. सांगता सांगता त्याला ते खरंही वाटायला लागलं होतं.

ऑक्टोबरात औरिखला एक ट्रॅक्टर बघायला जायचं होतं. निघताना त्याने तिला कोट घालायला लावला. कुत्र्याने तिला कोपऱ्यात नेलं. हा दार ओढून गेला, बटण किल्ल्यांच्या जुडग्यात. तासाभराचं काम होतं. पण सौदा चांगला झाला, विकणाऱ्याने बाटली काढली, एकावर दुसरा पेला झाला. तिची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि हसूही आलं.

परतला तेव्हा दिवस मावळत होता. आर्को कोपऱ्यासमोर बसला होता, घसा बसलेला. तालेया भिंतीला टेकून खाली घसरली होती, हात मांडीवर, कोटाची सगळी बटणं लावलेली. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं. खोटं नव्हतंच ते.

बहीण इमका लेअरहून आली. तिने तालेयाला तिचे चांगले कपडे घातले. मग बूट हातात घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली.

"फोल्कर्ट, हिच्या पायात बूट का जात नाहीत?"

"अंगात पाणी झालं होतं."

"नुसतं पायातच?"

इमकाने बूट परत कपाटात ठेवले आणि बहिणीला तसाच, नुसत्या मोज्यांवर, निरोप दिला. दफनानंतरच्या चहाला ती थांबली नाही.

त्यानंतर आर्को फोल्कर्टच्या हातचं खाईना. कोपऱ्याकडे तोंड करून पडून राही. फोल्कर्टला वाईट वाटलं नाही, राग आला.

मग एका सकाळी आर्को भुंकायला लागला. रिकाम्या कोपऱ्यासमोर उभा राहून, त्याच लयीत, मान वर करून. डोळे भिंतीवर एका जागी रोखलेले. तालेया उभी असायची तेव्हा तिचा चेहरा तिथे यायचा. फोल्कर्टने बटण दाबलं. कुत्र्याचं अंग ताठरलं, लाळ गळली, पण तो हलला नाही. पुन्हा दाबलं. करपल्याचा वास आला. कुत्रा भुंकतच राहिला आणि अखेर आपला आपण थांबला, कुणीतरी थांबवल्यासारखा.

एकदा फोल्कर्ट हिशेबाला बसला असताना आर्को उठला आणि स्वयंपाकघरातून चालत गेला. अगदी हळू, कुणाच्या तरी दुखऱ्या पायांच्या चालीने. दर पावलाला थबकत होता. मागच्या दारापर्यंत गेला. थांबला. परत आला, आणि तालेयाच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला बसला. मान वर.

फोल्कर्टने खुर्ची उचलून तळघरात ठेवली. संध्याकाळी कुत्रा होता त्याच जागी बसला होता, खुर्ची नसलेल्या जागेच्या डावीकडे.

शेवटी नाक मुठीत धरून तो हिन्रिकाकडे गेला. "कुत्रा फुकट घेऊन जा," म्हणाला. ती आली. दारातच उभी राहिली. आर्कोकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग आर्को जिथे बघत होता तिकडे. आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मोइन, तालेया," कुणाच्या घरी गेल्यावर नमस्कार करावा तशी ती हळूच म्हणाली.

"काय चावटपणा आहे हा?"

"मालकाला विचारल्याशिवाय कुत्रा नेता येत नाही."

"मालक मी आहे!"

"हे त्याला सांग." तिने टोपी घातली. "सोडायचा शब्द शिकवला होता का कुश्केने?"

"बटण आहे."

हिन्रिका पाठ फिरवून निघाली. जाताना तिने बाहेरचं फाटक नीट लावून घेतलं.

फोल्कर्टने कुश्केला फोन केला. कुत्रा आणून सोड, मी बघतो काय करायचं ते, असं कुश्के म्हणाला. काय करायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. जायच्या आधी चहा घ्यावा म्हणून फोल्कर्टने चहादाणी स्टँडवर ठेवली, खाली मेणबत्ती लावली. कप मांडला, खडीसाखरेचं भांडं काढलं. किल्ल्या, बटणासकट, टेबलावर टाकल्या. मग वाटलं, आधी कुत्रा गाडीत घालू, मग निवांत पिऊ.

त्याने खुंटीवरचा कोट चढवला.

आर्को उठला.

"बस," फोल्कर्ट म्हणाला. "ए, बस!" त्या कुत्र्याला एकही शब्द कळत नव्हता.

एक पाऊल मागे. आणखी एक. चहाच्या कपाटाची कड खांद्याला लागली. पाठ भिंतीला टेकली. त्याने हात पुढे केला आणि दात मनगटाला निसटते लागून मिटले. त्याने हात मागे घेतला.

भुंकणं एका लयीत चाललं होतं.

तो ओरडला. शिव्या घातल्या. बांधापलीकडे समुद्र आणि अलीकडे मोकळं रान. ऐकायला कुणी नव्हतं. पाय भरून आले.

मग एकाएकी कुत्रा गप्प झाला. नजर फोल्कर्टवरून काढून त्याने टेबलाकडे पाहिलं. हुकमाची वाट बघणाऱ्या कुत्र्याने बघावं तसं. कान मागे पडले, शेपटी एकदा हलली. पुन्हा फोल्कर्टकडे वळून तो भुंकायला लागला.

"तालेया," फोल्कर्ट म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "तालेया, त्याला बोलाव."

कपाटामागून चहा ओतल्याचा आवाज आला. खडीसाखर तडकली.

तो उभा राहिला. न हलता उभं राहता येतं. तीन कपांचा तर प्रश्न आहे, त्याने स्वतःला समजावलं.

पुष्कळ वेळाने दुसरा खडा तडकला.

खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकत गेला. गुडघे थरथरायला लागले, तसा कुत्रा जवळ आला. तिसरा खडा तडकला. फोल्कर्टने डोळे मिटले आणि चमचा वाजायची वाट पाहिली. कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. चमचा वाजला नाही.

मग चहा ओतल्याचा आवाज आला, आणि चौथा खडा तडकला.