रामरावांचा पुतळा कुणी फोडला?

"पुतळा फोडला, भुजंगराव! आणि उद्या सरकारी समिती येतेय!"

एवढं बोलून कुलगुरू काकासाहेब खुर्चीत मटकन बसले. समोर जालन्याहून तातडीने बोलावलेला खासगी गुप्तहेर भुजंग शेजुळ होता आणि शेजारी त्याचा मित्र देवानंद खरात. देवानंद माणूस सोन्यासारखा, पण डोकं बैलगाडीच्या चालीनं चालायचं. मे महिन्याच्या उन्हातून आल्यामुळे त्याने आधी पाणी मागितलं. काकासाहेबांनी टेबलावरची सुरई वाकडी केली. थेंबही निघाला नाही.

"माफ करा. टँकरच येईना झालाय," ते ओशाळून म्हणाले.

जालना जिल्हा नवा नवा झाला, तेव्हा रामरावांनी वाटूरच्या माळावरची आपली जमीन देऊन हे दुधनाकाठ कला विद्यापीठ काढलं. आपल्या पोरांनी चित्रं नि मूर्ती शिकायला मुंबईला का जावं, हा त्यांचा हट्ट. पुढे रामराव गेले, विहिरी आटल्या, मास्तरांनी काढता पाय घेतला. आता १९९३ साली ओस वर्ग आणि वसतिगृहात मूठभर मुली, एवढंच उरलं होतं. मान्यता ठेवायची की काढायची, हे समिती ठरवणार होती. दाखवण्याजोगी वस्तू एकच. शिवकन्या या शेवटच्या वर्षाच्या मुलीने मातीत घडवलेला रामरावांचा पूर्णाकृती पुतळा. समितीसमोर त्याचा साचा घ्यायचा होता.

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्रीच! रामरावांचा मुलगा बद्रीनाथ. जमीन परत द्या म्हणून धमक्या देतो. पोलिसांनी सकाळीच उचललाय त्याला. घातपात आहे असं तुम्ही लेखी दिलंत, तर समिती वर्षभर मुदत देईल. नाहीतर संपलं हो सगळं!"

मूर्तिशाळेच्या दाराचा कोयंडा कधीचाच मोडलेला. कुणीही यावं, कुणीही जावं. आत लोखंडी सांगाडा उघडा पडला होता. खाली मातीचा ढीग, त्यावर ओलसर गोणपाट. त्याच्या कडा चारी बाजूंनी नीट आत खोचलेल्या. भुजंगने गोणपाट सारून एक जाड ढेकूळ उचललं आणि अंगठ्याने दाबलं. ते दबलं नाही, कडकन मोडलं. आतूनही पांढरं.

"हे गोणपाट कशाला?" देवानंदने विचारलं.

"ओली माती वाळली की तडकते," काकासाहेब म्हणाले. "साचा घेईपर्यंत रोज गोणपाट भिजवून गुंडाळावं लागतं. शिवकन्या आजीच्या आजारपणात गावी होती. तोवर मीच पाणी मारलं. काल संध्याकाळीसुद्धा."

"तुम्हाला जमतं?"

"अहो, मी मूळचा मूर्तिकारच! आता नुसत्या सह्या करतो."

शिवकन्या सकाळच्या एसटीने अंतरवाली सराटीहून परतली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"माझं पदवीचं काम होतं हे, सर. याच्यावरच निकाल."

"बद्रीनाथ असं करील?"

"भांडतो लई. पण..." ती घुटमळली. "गावी जाताना फाट्यावर भेटल्ता. टँकर येईना, पुतळ्याचं कसं व्हतंय देव जाणे, एवढं बोलले मी. ऐकून तो तसाच निघून गेला."

फाटकावर पहारेकरी भिवा भेटला. "राती बद्रीनाथ आल्ता, ट्रॅक्टर घिऊन. त्याला आत घ्यायचं न्हाई, असा साहेबांचा हुकूम हाय. म्या हाकलला. मागून भिंतीवरून घुसला असंल तर काय म्हाईत!"

भुजंग फाटकाबाहेर वाकला. चाकाच्या खुणांमधून चिखल झाला होता आणि उन्हाने वाळून त्याला पापुद्रे सुटले होते.

"तेल गळलं असंल," देवानंद म्हणाला.

"तेलाचा चिखल व्हतो का रे, देवा?"

ठाण्यात बद्रीनाथ भिंतीला टेकून बसला होता. "लिहा काय लिहायचं ते," तो गुरगुरला. "बापानं मला न इचारता जमीन दिली. मेला तरी बोललो न्हाई त्याच्याशी."

"मग रात्री कशाला गेल्तास?"

"ते म्या सांगणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

संध्याकाळी भुजंगने काकासाहेब, शिवकन्या आणि भिवाला मूर्तिशाळेत बोलावलं.

"काल संध्याकाळी ओला असलेला पुतळा रात्री फुटला असता, तर माती दबली असती, चेपली असती. ही मोडतेय. गाभ्यापर्यंत वाळायला दिवसच्या दिवस लागतात. म्हणजे पाणी मारलंच गेलं नाही. पुतळा आधीच तडकला होता. मग फोडला."

"फोडला बद्रीनाथनंच ना?" देवानंदने विचारलं.

"शत्रू फोडून पळतो रे. ढिगावर ओलं गोणपाट घालून कडा खोचत बसत नाही. मातीपासून उठताना ती झाकायची, ही मूर्तिकाराच्या हाताची खोड. शिवकन्या गावी होती. आणि या कोरड्या माळावर गोणपाट भिजवायला पाणी कुठलं? तुमच्या सुरईतलं, म्हणून ती सकाळी कोरडी होती. काकासाहेब, फोडून झाल्यावर तुम्ही तो झाकलात. तुम्हाला कळलंसुद्धा नसेल."

 "पिंपात होतं तेवढं पाणी वसतिगृहाला दिलं," काकासाहेब म्हणाले. " पोरींना पाजू का मूर्ती भिजवू? तडे गेलेले पाहून समितीनं लिहिलं असतं, इथं पाणीसुद्धा नाही. फोडला म्हटलं असतं तर निदान दया आली असती."

"पोरींना पाजलंत, बराबर केलं. पण बद्रीनाथ? तो रात्री पाण्याचा टँकर जोडून आला होता. फाटकाशी पाणी हिंदकळून सांडलं, त्याचा चिखल अजून आहे. शिवकन्याचं बोलणं ऐकून तो बापाच्या तोंडाला पाणी द्यायला आला होता. तुमच्या हुकमानं परत गेला. दारातून हाकलल्याची लाज, म्हणून गप्प बसलाय."

"आवं, अंधारात मागं काय जोडलंय, म्या इचारलं बी न्हाई त्याला!" भिवाने कपाळावर हात मारला.

"टँकर फाटकाशी होता..." काकासाहेब पुटपुटले. "मी तेव्हा इथंच होतो. हातोडा हातात होता." मग ते म्हणाले, "बद्रीनाथला सोडवून आणतो. उद्या समितीला खरं सांगतो."

"मंग विद्यापीठ बंद पडंल," शिवकन्या म्हणाली.

"हो."

"न् माझी पदवी, सर?"

काकासाहेबांनी वाकून गोणपाटाच्या सुटलेल्या कडा पुन्हा आत खोचल्या.

समिती आली, सगळं ऐकून घेतलं आणि चहाला न थांबता गेली. पावसाळ्याआधी मान्यता रद्द झाली, विद्यापीठ बंद पडलं. शिवकन्या गावी परतली, कापसाच्या रानात राबू लागली. काकासाहेबांना कुणी दोष दिला नाही आणि तेच त्यांना सोसवलं नाही. ते कुणाकडे जाईनासे झाले.

बातमी कळली तेव्हा देवानंद जालन्याच्या हॉटेलात चहा ढवळत होता.

"भुजंगराव, खरं काढून मिळालं काय?"

"बद्रीनाथ सुटला."

"आणि?"

"आणि काही न्हाई, देवा."