अर्जदाराशी निकटचा संबंध

"तुमचं कोणीतरी माझ्या फायलीवर चालतंय."

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या मागे उभा असलेला माणूस हे इतक्या शांतपणे म्हणाला, की मला आधी काही उमजलंच नाही. वळून पाहिलं... आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पिशवीतल्या डब्याचं झाकण सैल झालं होतं आणि माझी एक गोगलगाय त्याच्या निळ्या फायलीवर ओली रेघ ओढत निघाली होती.

"सॉरी! अहो, चावत नाही ती. म्हणजे दात आहेत तिला, हजारो आहेत, पण—"

"हजारो?"

"जिभेवर असतात."

त्याने गोगलगायीकडे जरा आदराने पाहिलं. मग दोन बोटांनी कवच अलगद उचलून तिला डब्यात ठेवलं. लोक एरवी किंचाळतात, झटकतात. मला वाटतं, तो मला तेवढ्यावरूनच आवडला असावा. आणि मग त्या फायलीवरचा शिक्का दिसला— संशोधन शिष्यवृत्ती कक्ष, दुसरा मजला. मी शिष्यवृत्तीचे अर्ज झेरॉक्स करायलाच तर आले होते!

माझी कथा थोडक्यात अशी. उन्हाळ्यात गोगलगाय कवचाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून घेते आणि महिनोन्महिने झोपते. तिला उठायची वेळ कशी कळते, हा माझ्या पीएचडीचा विषय. दोन वर्षं बाईंच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकेच्या प्रकल्पातून मला विद्यावेतन मिळालं. प्रकल्प संपला, विद्यावेतन थांबलं आणि काम अर्ध्यावर उरलं. बाबा ठेव मोडायला तयार होते, पण ती आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी होती. तिला हात लावायला मी तयार नव्हते. ताईच्या नवऱ्याने त्याच्या ऑफिसात माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. "एक तारखेपासून ये. गोगलगायी कुठे पळून जाणार आहेत?" असं म्हणून भावोजी स्वतःच हसले होते. एक तारखेला महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन दुसऱ्या मजल्यावर हजर झाले. तो खिडकीजवळच्या टेबलाशी, कानावर पेन्सिल खोचून बसला होता. त्याने एक पाठकोरा कागद पुढे ओढला.

"पहिला मार्ग, सरकारी शिष्यवृत्ती. अठ्ठावीस वर्षांपर्यंत मिळते. तुम्हाला सात महिने जास्त झालेत."

"तुम्ही माझं वय महिन्यांत मोजलंत?"

"अर्जावर जन्मतारीख असते..." त्याचे कान लाल झाले. "दुसरा मार्ग, कंपनी. औषधफवारणीवाली एक कंपनी गोगलगायींच्या संशोधनाला पैसे देते."

"अरे वा! कसलं संशोधन?"

"झोपेतच त्यांना कसं मारायचं."

माझा चेहरा पाहून त्याने त्या ओळीवर काट मारली.

"तिसरा मार्ग, बँकेचं कर्ज."

"आणि फेडणार कोण? गोगलगायी?"

"चौथा... बाहेरच्या विद्यापीठात जागा शोधायची. तिकडे प्रयोगशाळाच खर्च उचलते. पण इथून जावं लागेल." हे तो जरा हळू बोलला. "आणि पाचवा, आपल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती. तीन जागा आहेत. मुलाखती वीस दिवसांनी."

"मग पाचवाच!"

"मलाही तोच बरा वाटतो," तो म्हणाला आणि उगाचच टेबल आवरायला लागला.

संशोधन आराखडा मी चार वेळा लिहिला. दरवेळी समासात त्याची पेन्सिल फिरलेली असायची— 'हे मला समजलं नाही. मला समजलं नाही तर समितीला काय समजणार?' मी चिडून जिना चढायचे आणि उतरताना गालातल्या गालात हसत असायचे. मी त्याचं नाव पेन्सिल ठेवलं. तो मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला.

"अजून झाले नाहीये मी डॉक्टर."

"सवय करून ठेवतोय."

हळूहळू काम नसतानाही मी वर जायला लागले. खिडकीत उभं राहून दोघं चहा प्यायचो. बाहेर भुरभुर पाऊस असला की तो विचारायचा, "उठल्या का तुझ्या बायका?" तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. प्रत्येक अर्जाला प्राथमिक गुण देणं आणि तो समितीपुढे मांडणं हे त्याचं काम. माझे गुण त्याने कधी सांगितले नाहीत, पण चेहरा लपवता येत नव्हता बिचाऱ्याला.

मुलाखतीला चार दिवस उरले असताना मला बोलावणं आलं, ते मात्र दुसऱ्याच टेबलावरून. तिथे कक्षाच्या प्रमुख मॅडम बसायच्या. अख्खं विद्यापीठ त्यांना लाल पेन म्हणायचं.

"तुमची फाईल आता माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "त्याने तसं लिहून दिलंय."

"का? माझं काही चुकलं का?"

मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. 'अर्जदाराशी निकटचा संबंध' असं छापलेलं, आणि पुढे त्याच्या नीटनेटक्या अक्षरात— 'आहे. निःपक्षपाती राहू शकत नाही.'

मी कागद तीनदा वाचला.

"तुम्हाला ठाऊक असेलच," मॅडम म्हणाल्या.

"नाही..."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आधी कार्यालयाला कळवलं आणि तुम्हाला अजून पत्ताच नाही? कमाल आहे या मुलाची!" मग आवाज कामाचा झाला. "खाली तुम्हालाही लिहायचंय. 'नाही' लिहिलंत, तर हा कागद रद्द. फाईल त्याच्याकडे परत, त्याने दिलेले गुणही कायम. 'आहे' लिहिलंत, तर ते गुण बाद आणि मी पहिल्यापासून तपासणार. मी हात राखून गुण देते, हे सांगून ठेवते. उद्यापर्यंत कळवा."

तो मला जिन्यात सापडला.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चांगलाच चढला होता.

"सांगणार होतो. निकाल लागल्यावर." तो कठड्याकडे बघत बोलत होता. "आधी बोललो असतो तर तुला वाटलं असतं, शिष्यवृत्तीच्या बदल्यात काहीतरी मागतोय. आणि गप्प राहून गुण द्यावेत, तर... तुझाच नंबर यावा असं वाटायला लागलं गं. असं वाटायला लागलेल्या माणसाने त्या खुर्चीत बसू नये."

"आणि माझ्या पीएचडीचं काय?"

"तू 'नाही' लिही. माझ्याबद्दल तुला तसं काही वाटत नसेल, तर ते खरंच आहे. मी फाईल नीट मांडेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. शप्पथ."

मी तशीच खाली आले. रागावले होते, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की धड रागावताही येत नव्हतं. घरी आईचे गुडघे, भावोजींची एक तारीख, अर्धवट प्रबंध... सगळं डोळ्यांपुढे फिरलं. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि तो खोटा असल्याचं कोणाला कळणारही नव्हतं. सकाळी जाऊन मी सही केली आणि त्याच्या टेबलाकडे न बघता परतले.

मुलाखत बरी झाली. निकालात मी चौथी आले. जागा तीन.

वाईट वाटलं. प्रयोगशाळेत दार लावून मी मनसोक्त रडले. संध्याकाळी मॅडमनी बोलावून घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अध्यापन साहाय्यकाची एक जागा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. मानधन बेताचं, पण फी माफ. तुमचा प्रबंध एक वर्ष लांबेल. चालेल?"

"पळेल!" मी म्हणाले. लाल पेन चक्क हसल्या.

तो फाटकाशी उभा होता, चेहरा इतकासा झालेला. निकाल त्याने वाचला होता.

"डॉक्टरीणबाई... फाईल परत आलीच नाही, मॅडमनी ठेवूनच घेतली. मी तो कागद दिलाच नसता तर—"

"साहाय्यकाची जागा मिळालीय. भावोजींकडची नोकरी नाही, ठेव मोडायची नाही. फक्त एक वर्ष जास्त." मी दम घेतला. "आणि तुझ्या कागदामुळे काही झालेलं नाही. माझ्यामुळे झालं."

"म्हणजे?"

"तुझ्या एकट्याच्या लिहिण्याने गुण बाद होत नाहीत."

हळूहळू त्याचे कान लाल होत गेले, पार शेंड्यापर्यंत. "तू... काय लिहिलंस?"

"'आहे.' जागा तेवढीच होती."

"शिष्यवृत्ती जाईल हे माहीत असून?"

"माहीत असून. खोटं लिहून डॉक्टर व्हायचं, आणि वर तुला रोज जिन्यात चुकवायचं... जमलं नसतं मला." मी त्याच्याकडे सरळ बघितलं. "बरं, तू कार्यालयाला कळवलंस. मॅडमना ठाऊक आहे, शिपायालाही ठाऊक असणार. मला मात्र अजून कोणी काही विचारलेलं नाही."

फाटकातून माणसं ये-जा करत होती. त्याने फाईल बगलेत धरली, घसा साफ केला आणि मग, कुठल्याही कागदावर न लिहिता, मला विचारलं.